सोललेला नारळ

गुणाबाई घरतच्या पाळणाघरात आजवर एकही मूल पहिल्यांदा चाललेलं नाही. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तिथे पोरं असतात. खातात, झोपतात, एकमेकांचे केस ओढतात, भिंतीला धरून उभी राहतात. पण पहिलं पाऊल टाकायची वेळ आली की प्रत्येक मूल कसं शहाण्यासारखं घरी जातं आणि शनिवार-रविवार बघून आईबापांच्या डोळ्यांसमोर चालतं. निदान आईबापांची समजूत तशी आहे. ती तशीच राहावी याची व्यवस्था गुणाबाई करते.

स्पष्टच सांगायचं तर ती खोटं बोलते. धडधडीत, समोरच्याच्या डोळ्यात बघून, हातातली खिमटाची वाटी न हलवता. एरवी बाई सरळ. भाजीवाल्यानं चुकून जास्तीची जुडी टाकली तर गल्लीच्या टोकापर्यंत हाका मारत जाईल. पण दुपारी पोरगी पाळण्यापासून दारापर्यंत तुरुतुरु गेलेली असली, तरी संध्याकाळी तिच्या आईला गुणाबाई सांगणार, "नाय गो, अजून कुठं! पन पाय लय वळवळतात हां तिचे. या रविवारी जरा नजर ठेव." मग सोमवारी सकाळी ती आई धापा टाकत येते, "काकू, चालली! काल चालली!" आणि गुणाबाई छातीवर हात ठेवून म्हणते, "काय बोलतेस!" हे "काय बोलतेस" तिनं इतक्या वर्षांत असं घोटलंय की कुणाच्या बापाला शंका यायची नाही.

सुरुवातीपासून हे असं नव्हतं. पाळणाघर सुरू झालं तेच मुळी न ठरवता. नवीन पनवेलचे सेक्टर वाढत वाढत गावाच्या अंगाशी येऊन भिडले होते, घरतांची भाताची खाचरं त्यांच्याखाली गेली होती आणि गाव मध्येच बेटासारखं उरलं होतं. नवरा आनंदा बंदरात नोकरीला. आता तो रिटायर झालाय आणि गावोगावच्या क्रिकेटच्या सामन्यांत माइकवर धावतं वर्णन करतो, त्यामुळे घरी आल्यावर त्याच्यात बोलायचं त्राण उरत नाही. तर तेव्हा समोरच्या बिल्डिंगमधली आभा नावाची मुलगी एका सकाळी तान्ह्या मनस्वीला कडेवर घेऊन रस्त्यात रडकुंडीला येऊन उभी होती. सांभाळणारी बाई आली नव्हती आणि वाशीचं ऑफिस सुट्टी देत नव्हतं. गुणाबाई दारात तांदूळ निवडत होती. म्हणाली, "ठेव इथं आजचा दिवस." तो आजचा दिवस चार वर्षं चालला आणि मनस्वीच्या मागोमाग सेक्टरातली आणखी पोरं आली.

ही मनस्वी चालली तेव्हा गुणाबाईला आनंद पोटात ठेवता आला नव्हता. आभा गल्लीच्या वळणावर दिसली न दिसली तोच तिनं ओरडून सांगितलं, "आभा, अगो चालली तुझी पोर!"

"हो?" आभा म्हणाली. "किती पावलं?"

"चार-पाच टाकली की."

"कुठून कुठपर्यंत?"

"ह्या खांबापासून त्या पायरीपर्यंत."

आभानं तो खांब बघितला, ती पायरी बघितली. "छान," म्हणाली, आणि पर्स मांडीवर घेऊन त्या पायरीवरच बसून राहिली. चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही, घरीच पोरीसमोर बसून राहिली. पण आई डोळे लावून बसली की मूल चालत नाही, हा पोरांचा जुनाच खाक्या. मनस्वी दिवसभर फतकल मारून बसली आणि आभा तिसऱ्या दिवशी सुजल्या डोळ्यांनी कामावर गेली. तेव्हापासून गुणाबाईनं कानाला खडा लावला. ही अक्कल आपली आपल्याला सुचली, याचा तिला थोडा अभिमानही होता.

मुलं कशी भराभर मोठी होतात, यावर पाळणाघरातल्या बाईला भाषण देता येणार नाही, कारण तिला त्याचं काही वाटायला वेळच मिळत नाही. एक जातं, दुसरं येतं. खिडकीत एका पत्र्याच्या डब्यात एकेकटे मोजे साठलेत. आयांना मोज्याची आठवण होते तोवर पाय मोठा झालेला असतो, म्हणून परत न्यायला कुणी येत नाही. मनस्वी आता दहावीत आहे. मैत्रिणीच्या स्कूटीवर मागे बसून जाताना "हाय काकू" म्हणते आणि आपण या बाईच्या मांडीवर किती वेळा मुतलो असू याचा तिच्या चेहऱ्यावर मागमूस नसतो. गुणाबाई हात हलवते आणि आत जाऊन दूध उतू जातंय का बघते.

मूल चालल्याचं आईनं सांगितलं की पुढचा कार्यक्रम ठरलेला. ही रीत सगळ्या गावाची नव्हे, याच घराची, सासूकडून आलेली. मूल पायांवर चाललं की उंबऱ्यावर नारळ फोडायचा, पाणी त्याच्या पावलांवर घालायचं आणि खोबरं गुळाबरोबर वाटायचं. सेक्टरातल्या आयांना हे फार आवडतं. त्या फोटो काढतात, स्टेटसला ठेवतात. आणि खोबरं चावत त्या उभ्या असल्या की गुणाबाई त्यांना दीपेशची गोष्ट सांगते. तिच्याकडे सांगण्यासारखी ती एकच गोष्ट आहे.

दीपेश तिचा एकुलता मुलगा. तो वर्षाचा झाला तेव्हा आनंदाला बंदरातली नोकरी लागायची होती आणि गुणाबाई मिठागरावर पाट्या उचलायला जायची. सकाळी पोराला सासूच्या, हौसाबाईच्या, पुढ्यात टाकून निघायची ती दिवस कलल्यावर यायची. हौसाबाई काही मायाळू सासू नव्हती. भाकरी जाड झाली म्हणून ताट सरकवणारी, सुनेचं माहेर तोंडात आलं की थुंकणारी. त्या संध्याकाळी गुणाबाई खाऱ्या पाण्यानं भेगाळलेले पाय घेऊन दारात आली तर हौसानं तिला आत येऊ दिलं नाही. "थितंच बस उंबऱ्यावर," म्हणाली. गुणाबाईला वाटलं, आता काय चुकलं? बसली बिचारी. तेवढ्यात हौसाच्या मांडीजवळून दीपेश उठला आणि हात वर करून, डुलत डुलत, थेट आईकडे चालत आला. तिच्या मांडीत पडला तेव्हा तिच्या लुगड्याचं मीठ त्याच्या दोन्ही तळव्यांना लागलं आणि त्यानं ते चाटून तोंड वाकडं केलं.

"आणि लगेच सासूनं नारळ फोडला बघ," गुणाबाई सांगते. "माझी नणंद शकू, तिचं लगीन व्हायचं होतं तवा, ती आतून नारळ घेऊन आली. सोललेला, शेंडी राखलेला. तयारच होता!" हे "तयारच होता" ती अशा थाटात सांगते, जणू घरातल्या नारळालासुद्धा दीपेशच्या पराक्रमाची आधी कुणकुण लागली होती. मिठागरावर राबणाऱ्या बाईला पोराचं पहिलं पाऊल बघायला मिळालं, हे तिच्या लेखी नशिबानं तिला दिलेलं एकमेव इनाम. सासूचा सगळा जाच तिनं त्या एका संध्याकाळच्या जोरावर सोसला.

तो दीपेश मोठा झाला, शिकला, आणि लग्न करून खारघरला एका टॉवरमध्ये राहायला गेला. त्याची बायको रंजिता आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते. पर्समध्ये लिपस्टिक नसली तरी चालेल, पण पिवळा स्टीलचा टेप असतो, आणि तो काढून ती कुठलीही गोष्ट मोजते. इंचाचा फरक तिला खपत नाही. त्यांना मुलगा झाला, स्वानंद. तो आठ महिन्यांचा झाला आणि रंजिताची रजा संपत आली, तेव्हा पोराला ठेवायचं कुठे हा प्रश्न आला. गुणाबाईला यात प्रश्न काय तेच कळेना. अख्ख्या सेक्टरची पोरं सांभाळली, स्वतःचा नातू नाही सांभाळणार? पण खारघरच्या त्या टॉवरच्या तळमजल्यावरच एक नवं डेकेअर निघालं होतं. तिथे खोलीखोलीत कॅमेरे होते. ऑफिसात बसून फोनवर आपलं मूल बघता यायचं.

आणि नेमका तेव्हाच दीपेशनं घोळ घातला. जेवताना हसत म्हणाला, "आईच्या पाळणाघरात कुणी पोरगं पहिल्यांदा चालतच नाही माहितीये? सगळी घरी जाऊन चालतात." आणि त्यानं ती सगळी गंमत उलगडून सांगितली. शाळेत असल्यापासून तो ते नाटक बघत आला होता. रंजिता हसली नाही.

दुसऱ्या दिवशी ती सासूसमोर येऊन बसली. "आई, स्वानंदला तुमच्याकडेच ठेवायचं माझ्या मनात आहे. फक्त एक सांगते. माझ्याशी ते नाटक नको. जे होईल ते त्याच वेळी फोन करून सांगायचं. मला वाईट वाटेल, ते मी बघून घेईन. पण माझ्या मुलाबद्दल मला कुणी खोटं सांगितलेलं चालणार नाही. एकदा जरी कळलं ना, तर मी त्याला खाली कॅमेऱ्यात ठेवीन. मग रागावू नका."

"सांगीन," गुणाबाई म्हणाली. रंजितानं शपथ मागितली नव्हती, पण हिनंच उत्साहानं गळ्याला हात लावला, "आई एकवीरेची शपत."

आणि तिनं शब्द पाळला. स्वानंद पहिला शब्द बोलला तो "नाय", अगदी आगरी ठसक्यात. ते तिनं फोनवर सांगितलं आणि रंजिता पलीकडे हसत सुटली. पण खालच्या हिरडीला दात आल्याचं सांगितलं तेव्हा तिनं डावा की उजवा ते विचारलं. मग, "बरं झालं आई, सांगितलंत." संध्याकाळी रंजिता आली, हात साबणानं धुतले आणि बोट पोराच्या तोंडात घालून बराच वेळ तशीच उभी राहिली. जाताना थँक्यू म्हणाली. गाडीत ती खारघर येईपर्यंत रडत होती, हे गुणाबाईला नंतर दीपेशनं सांगितलं. गुणाबाईला वाटलं, हा खरेपणा कुणाच्या कामाचा? पण शब्द म्हणजे शब्द, आणि नातू हातचा जाईल ही भीती त्याहून मोठी. सकाळी दीपेशच्या गाडीचा हॉर्न वाजला की तिच्या पायांत पंधरा वर्षांच्या पोरीचं बळ यायचं. दुसऱ्या कुणाच्या मुलासाठी असं झालं नव्हतं, आणि याची तिला थोडी लाजही वाटायची.

फेब्रुवारीतली एक दुपार. बाकीची पोरं चादरींवर आडवी झालेली. हौसाबाई तिच्या नेहमीच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती. तिनं ऐंशी कधीच ओलांडली, तोंडात एक दात नाही, आणि गेल्या दोन वर्षांत तिचं आजचं आणि फार पूर्वीचं यांतलं कुंपण मोडून पडलंय. कधी ती सुनेला ओळखते, कधी तिला आपली मेलेली बहीण समजते. पाळणाघरातली पोरं तिच्या खुर्चीला धरून उभी राहायला शिकतात. स्वानंदही तसाच खुर्चीचा पाय धरून उभा होता. गुणाबाई लंगोट घडी करत होती.

त्यानं खुर्ची सोडली. एक क्षण नुसता उभा राहिला, आपण काय केलंय हे त्यालाच कळेना असा. मग निघाला. पोट पुढे, हात वर, खोलीच्या मधोमध सरळ येऊन त्यानं गुणाबाईच्या घडी केलेल्या लंगोटांवर अंग टाकलं.

तिनं त्याला उचललं, छातीशी आवळलं, आणि ओरडली तर बाकीची उठतील म्हणून नुसतीच हसत राहिली. मग शब्द आठवला. एका हातानं फोन घेतला, रंजिताचं नाव शोधलं आणि दाबलं.

"शके," मागून हौसाबाई म्हणाली.

गुणाबाईनं वळून बघितलं. म्हातारीचे डोळे चमकत होते आणि ती सुनेलाच आपली मुलगी शकू समजून बोलत होती. खरी शकू चिरनेरला दिली, तिला आता स्वतःची नातवंडं आहेत.

"चालला गो पोऱ्या. बगलास ना?"

"बगला आय."

"गुनीला सांगू नको पन." हौसानं आवाज खाली आणला. "ती मिठागराशी दमून येल. तिना वाटल, मी थितं मीठ उचलतंय न् माजा पोर माजे पाठी चालला. सांजचे तिचे म्होरं चालवू त्याला. तिचे आधी कोनी बगलाच नाय, कललं? जा, तू नारल सोलून ठेव गुपचूप."

फोन वाजत होता. गुणाबाईनं तो कापला.

लगेच उलटा फोन आला. "आई, फोन केला होतात? स्वानंद बरा आहे ना?"

"बरा हाय," गुणाबाई म्हणाली. "चुकून लागला गो. बोट पडला असल."

फोन खाली ठेवून ती तिथेच फरशीवर बसली. स्वानंद तिच्या मांडीवर चढून मंगळसूत्र चघळू लागला. आधी तिला राग आला, आणि चांगलाच आला. जी युक्ती आपण आपल्या डोक्यातून काढली म्हणून मिरवत होतो, ती आपल्यावरच आधी झाली होती. सेक्टरातल्या शिकलेल्या बायांना वर्षानुवर्षं गंडवताना आपण मनातल्या मनात हसलो, आणि आपण? नारळ सोललेला होता. शेंडी राखून, तासून, तयार. तेव्हा नारळ आणायचा तर पनवेलच्या बाजारात जावं लागायचं, आणि सोलायला कोयता घेऊन अंगणात बसावं लागायचं. दिवेलागणीला चाललेल्या पोराचा नारळ त्याच क्षणाला सोललेला कुठून येईल? शंभर आयांना तिनं ती गोष्ट सांगितली, "तयारच होता" हे ठासून सांगितलं, आणि एकदाही तिच्या टाळक्यात उजेड पडला नाही.

मग तिनं ती संध्याकाळ मनात पुन्हा काढून बघितली, फाटली का ते बघायला. उंबरा होता. भेगाळलेले पाय होते. पोर डुलत आलं होतं, त्याच्या तळव्यांना मीठ लागलं होतं, त्यानं तोंड वाकडं केलं होतं. सगळं जागच्या जागी होतं. फक्त कडेला आता हौसा दिसत होती, जी इतकी वर्षं तिनं नीट बघितलीच नव्हती. दिवसभर पोराला पुन्हा पुन्हा उभं करून, संध्याकाळी नेमकं चालावं म्हणून झोपवून, खाऊ घालून ताजं ठेवणारी हौसा. जिनं आयुष्यात सुनेला एक गोड शब्द दिला नाही, आणि हेही कधी बोलून दाखवलं नाही. भांडणात सुद्धा नाही. इतकी भांडणं झाली, एकदा तरी तोंडावर फेकता आलं असतं.

गुणाबाईला रडू आलं. तिनं ते पदरानं पुसलं, कारण एक पोरगं जागं झालं होतं आणि त्याला शू आली होती.

चहाच्या वेळी ती मागच्या पडवीत गेली. कोपऱ्यात दोन-तीन नारळ पडलेले असतातच. त्यातला बरासा घेऊन तिनं कोयत्यानं सोलला, तासला, शेंडी राखली आणि ओट्यावर टोपलीखाली झाकून ठेवला. एकवीरेची शपथ तिला आठवत होती. चैत्रात कार्ल्याला जाऊन नाक घासता येईल, तीही आईच आहे. एकवीरेचं तिला भय नव्हतं. भय होतं ते रंजिताचं, तिच्या त्या पिवळ्या टेपचं आणि खारघरच्या कॅमेऱ्यांचं.

संध्याकाळी दीपेश आणि रंजिता एकदमच आले. बाकीची मुलं गेली होती. रंजितानं उंबऱ्यावर बसून सँडल काढता काढता रोजचा प्रश्न विचारला, "आई, आज काही नवीन?"

"काय नाय गो," गुणाबाई म्हणाली. "आळशी दिवसभर बसूनच होता."

तिची नजर रंजिताच्या नजरेला भिडलेली होती आणि ती ढळली नाही. इतक्या वर्षांचा रियाज त्या दिवशी उपयोगी पडला.

पण युक्ती अर्धीच तिच्या हातात होती, अर्धी स्वानंदच्या. तिनं त्याला हौसाच्या खुर्चीला धरून उभं केलं. आईला बघून तो खूश झाला, खाली बसला आणि रांगत निघाला. तिनं उचलून पुन्हा उभा केला. पुन्हा बसला. "राहू दे आई, दमलाय तो," रंजिता म्हणाली आणि त्याला घ्यायला उठू लागली.

"थितंच बस तू!" गुणाबाई जरा मोठ्यानंच ओरडली. दीपेश दचकला. "उंबऱ्यावरच बस. तुझी ती टेप काढ. तो टेपसाठी येतो काय बघू."

रंजितानं हसत टेप काढला आणि त्याची पिवळी जीभ हातभर बाहेर खेचली. ती चकाकली. स्वानंदनं खुर्ची सोडली. दुपारच्यापेक्षा जास्त डुलत, पण सरळ, टेपवर डोळे खिळवून तो आला. टेपचं टोक मुठीत धरेपर्यंत पडला नाही. मग आईच्या मांडीत कोसळला.

रंजिताचं तोंड उघडंच राहिलं. टेप सर्रकन आत गेला. "आई!" ती किंचाळली. "आई, बघितलंत? दीपेश, चालला! चालला हा!"

"अगो बाई! काय बोलतेस!" गुणाबाई छातीवर हात ठेवून म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि त्यात नाटक किती हे तिलाही सांगता आलं नसतं.

दीपेश तेवढ्यात पाणी प्यायला आत गेला होता तो धावत बाहेर आला. पोराचे मुके घेऊन झाल्यावर त्याला घरची रीत आठवली आणि नारळ शोधायला तो पुन्हा आत गेला. बाहेर आला तो दारातच थबकला. हातात सोललेला नारळ. तो आईकडे बघू लागला. गुणाबाईनंही त्याच्याकडे बघितलं.

रंजितानं मान वर केली. "सोललेला होता?" तिनं विचारलं. डोळ्यांत पाणी होतं, पण मोजायची सवय जाते थोडीच.

जी एक गोष्ट तीस वर्षांत गुणाबाईला स्वतःला कळली नव्हती, ती या पोरीनं एका नजरेत पकडली होती.

"मीच सोलला," दीपेश म्हणाला. "सकाळी याला सोडायला आलो तेव्हा. आजीला खोबरं खायचं होतं."

हौसाच्या तोंडात दात नाही हे रंजिताला चांगलं ठाऊक होतं. तिनं एकदा म्हातारीकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे. मग स्वानंद टेप तोंडात घालू लागला म्हणून तिला तिकडे बघावं लागलं.

दीपेशनं उंबऱ्यावर नारळ फोडला. गुणाबाईनं पाणी वाटीत धरून नातवाच्या पावलांवर घातलं. त्याला ते गार लागलं आणि त्यानं आपलं ठेवणीतलं "नाय" काढलं. रंजिता एका हातानं त्याला धरून दुसऱ्या हातानं आपल्या आईला फोन लावून सांगत होती, "अगं, मी आत्ता आले, उंबऱ्यावर बसले होते, आणि हा सरळ माझ्याकडे! माझ्यासमोर, पहिल्यांदा! आणि लगेच नारळसुद्धा फोडला. तयारच होता बघ."

गुणाबाई खोबरं किसत होती. तिचा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू झाला.

म्हातारीला तुकडा चाववत नाही म्हणून किसलेलं खोबरं आणि गूळ कालवून ती खुर्चीजवळ गेली आणि तिच्या तळहातावर ठेवलं. हौसानं ते हुंगलं.

"कोनाचा गो नारल?"

"दीपेशचा," गुणाबाई म्हणाली.

दीपेशनं वळून बघितलं. त्याला वाटलं, आई नाव चुकली.

हौसानं खोबरं तोंडात टाकलं नाही. सुनेचं मनगट धरून तिला खाली ओढलं आणि काळजीनं विचारलं, "गुनीनी बगला ना?"

"हां आय," गुणाबाई म्हणाली. "तिनीच पयला बगला."